तिसरी चावी

कोण आहे? तिथेच थांबा. आधी नाव, गाव आणि काम सांगा, मग पुढे या.

राग मानू नका, सवय आहे माझी. मी कुलूप बोलतोय. पितळी पोटाचं, पोलादी कडीचं, चांगलं मुठीएवढं, वजनदार. समोर कुणीही आलं की हा साव की चोर, हा प्रश्न मला आधी पडतो आणि रामराम नंतर सुचतो. जगात सगळेच साव असते तर मला कुणी घडवलंच नसतं, त्यामुळे माझ्या स्वभावाचा दोष मला एकट्याला देऊ नका.

अलीगढच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि फिरत फिरत मी मिरजगावच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात येऊन लटकलो. तिथून मला रंभाजीने घेतलं. कर्जत तालुक्यातला हा शेतकरी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणारा, पण माझ्यासाठी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. कारण आदल्याच आठवड्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. मोटारीच्या खोलीच्या दाराला मी लागलो, आणि माझं खरं शिक्षण तिथे सुरू झालं.

रंभाजी मला लावायचा आणि तीनदा ओढून बघायचा. दहा पावलं जायचा, परत यायचा आणि आणखी एकदा ओढायचा. बांधाला बांध लागून छगनचं शेत होतं. छगन बापडा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून कांद्याला पाणी देत असायचा, मान वर करून हाकही मारायचा. पण रंभाजी माझ्या कानात पुटपुटायचा, ‘‘बघ, नजर हिकडंच हाय त्याची.’’ गुरूने सांगितलं, शिष्याने ऐकलं. मीही छगनवर नजर ठेवू लागलो.

चार वर्षं गेली. रंभाजीचा मुलगा गोरक्ष रोज पहाटे कर्जतच्या रस्त्यावर पळायचा. एके दिवशी भरतीत त्याचं नाव लागलं आणि नगरजवळच्या लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं पत्र आलं. न्यायच्या सामानाच्या यादीत एक काळी पत्र्याची पेटी होती आणि तिला चांगलं कुलूप हवं होतं. त्याची आई भागिरथी म्हणाली, नवं आणू. रंभाजी म्हणाला, नव्याचा काय भरवसा, हे पारखलेलं आहे. त्याने मला दारावरून काढलं, खुंटीवरचा चाव्यांचा जुडगा गोरक्षच्या हातात दिला आणि जाता जाता सांगितलं, ‘‘तिथं समदे परके हायती. पेटी कुणाला उघडू दिऊ नगस.’’

त्या जुडग्यात तीन चाव्या होत्या. दोन माझ्या. तिसरी फवारणीच्या औषधांच्या पेटीची, माझ्या चावीसारखीच दिसणारी, कारण ते कुलूपही त्याच दुकानातून आलं होतं. घाईत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं होतं, पण मला कोण विचारतो!

नोव्हेंबरात आम्ही बराकीत दाखल झालो. पहिल्याच दिवशी न्हाव्याने सगळ्यांच्या डोक्यांची एकच अवस्था केली. पंजाब, बिहार, केरळ, ओडिशा, कुठली कुठली मुलं, पण तासाभरात सगळी एका साच्यातली दिसू लागली. गोरक्षला तर आरशात स्वतःची ओळख पटेना. मला त्यात धोकाच दिसला. सगळे सारखे दिसू लागले तर चोर ओळखायचा कसा?

शिकवणाऱ्या हवालदाराला तिथे उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद हरियाणाचे होते, मिशी झुबकेदार आणि आवाज पत्र्यावर पडलेल्या दगडासारखा. त्यांनी शेजारशेजारच्या खाटांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जवानाला एक जोडीदार, त्याला म्हणायचं ‘बडी’. जेवायला, पळायला, पहाऱ्याला दोघांनी मिळून. एकाचा बूट घाण असला तर शिक्षा दोघांना. गोरक्षच्या वाट्याला नितीन साळवे आला. नितीन श्रीरामपूरचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घर चर्चच्या मागच्या गल्लीत. दोघं एकाच जिल्ह्याचे निघाल्याने बाकीच्यांना आनंद झाला. मी मात्र सावध झालो. आपल्याकडचा माणूस आपली सगळी कळ ओळखून असतो.

मग उस्तादांनी तो हुकूम दिला, ज्याच्यामुळे ही सगळी कहाणी घडली. प्रत्येकाने पेटीची एक चावी स्वतःजवळ ठेवायची आणि दुसरी बडीला द्यायची. अचानक तपासणी आली, माणूस आजारी पडला, तर पेटी उघडायला कुणीतरी हवं. कुणीतरी कुरकुरलं असावं, कारण उस्ताद गरजले, ‘‘बडी के पास चाबी नहीं, तो बडी किस काम का?’’

नितीनने लगेच आपली चावी काढून गोरक्षच्या तळहातावर ठेवली. गोरक्षने जुडगा पाठीमागे धरला होता. तीनपैकी एक चावी मला लागत नाही, हे त्याला पहिल्यांदा पेटी लावतानाच कळलं होतं. त्याची बोटं दोन चाव्यांवरून फिरली, तिसरीवर थांबली आणि ती त्याने सोडवली. औषधाच्या पेटीची चावी नितीनच्या हातात पडली. नितीनने ती गोफात ओवून गळ्यात घातली, छातीवर थोपटली आणि हसला.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा गोरक्षचा अभिमान वाटला. बापाचा खरा वारस, म्हटलं. त्या दुपारी त्याने नितीनच्या पेटीला नितीनची चावी लावून पाहिली. ती लागली. ‘येडंच हाय,’ गोरक्ष स्वतःशी म्हणाला.

तुम्हाला वाटेल, एवढा संशय कशाला? पण ही भरती चार वर्षांची. चार वर्षांनी चारांतला एकच कायम राहणार, बाकीच्यांनी घरी जायचं. कोण राहणार ते गुणांवर ठरणार, आणि गुण पहिल्या दिवसापासून लिहिले जाणार. म्हणजे एका ताटात जेवणारे चौघं, आणि त्यातल्या तिघांचं ताट पुढून उचललं जाणार. अशा ठिकाणी कुलूप असावं की नसावं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या आठवड्यात गोरक्ष स्वयंपाकघरात, म्हणजे लंगरात, बटाटे सोलायच्या कामावर गेला होता. तेवढ्यात पेट्यांची अचानक तपासणी निघाली. नितीनने आपली पेटी उघडली आणि मग माझ्यापुढे उकिडवा बसला. गळ्यातली चावी माझ्यात घातली. ती निम्मी शिरली आणि अडली. त्याने हलक्या हाताने पुन्हा फिरवून पाहिली. मग चावी बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं आणि लगेच पुसलंही गेलं. त्याने चावी बनियनच्या आत टाकली.

उस्ताद आले. पेटी बंद का? नितीन ताठ उभा राहून म्हणाला, बडीची चावी न्हाणीघरात विसरली. मग बाहेर मैदानावर त्याला कोलांट्या मारायला लावल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दुपारी आला तेव्हा कोपरं सोललेली होती. गोरक्षने विचारलं, काय झालं? नितीन म्हणाला, काही नाही, उस्तादांचा मूड. गोरक्षने मला तीनदा ओढून पाहिलं. सगळं जागच्या जागी आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

मला मात्र चैन पडेना. चावी खोटी निघाल्यावर माणूस भांडतो, शिव्या देतो, निदान रुसतो. हा गप्प का? पाण्यात मासा झोप घेतो कसा, ते माशालाच ठाऊक. हा आतल्या गाठीचा दिसतो, वेळ आली की वचपा काढणार, असा मी मनाशी निकाल दिला. नाताळात त्याची आई फाटकावर भेटायला आली आणि करंज्यांचा डबा देऊन गेली. त्याने निम्म्या करंज्या गोरक्षला दिल्या. मी म्हटलं, पेरणी चालली आहे, पीक पुढे दिसेल.

दर रविवारी तासभर मोबाईल हातात मिळायचा. गोरक्ष माझ्या पेटीवर बसून घरी बोलायचा. रंभाजी फोनवर इतक्या मोठ्याने बोलतो की मोबाईल नसता तरी कर्जतहून ऐकू आलं असतं. एका रविवारी तो सांगू लागला, ‘‘औशदाच्या पेटीची चावी गेली. छगन्यानंच उचलली. फवारनीचा पंप मागाया आल्ता, तवाच.’’

गोरक्षची मांडी पेटीवर आखडलेली मला जाणवली. समोरच्या खाटेवर नितीन बूट घासत बसला होता आणि त्याच्या गळ्यात तीच चावी होती. गोरक्ष हळूच म्हणाला, ‘‘घरातच आसंल, नीट बघा.’’ रंभाजीने बघितलं नाही. कांद्यावर मावा पडला होता, त्याने दगडाने औषधाच्या पेटीचं कुलूप फोडलं आणि छगनशी बोलणं टाकलं. ते गोरक्षला पुढच्या रविवारी कळलं. तेव्हाही तो काही बोलला नाही. चावी नेली सांगितलं तर ती कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं.

फेब्रुवारीत गोरक्षची डावी नडगी दुखायला लागली. आधी पळून आल्यावर दुखायची, मग पळताना, मग जिना उतरतानाही. नव्या मुलांना असं होतं, पक्क्या मैदानावर वजनदार बुटांनी रोज आपटलं की हाड बोलायला लागतं. डॉक्टरांना दाखवलं की विश्रांती मिळते. पण विश्रांती लांबली की माणूस आपल्या बॅचमधून सुटतो आणि मागून येणाऱ्या बॅचमध्ये जातो. मागे पडलेला माणूस कायम कसा होणार, असं गोरक्षने ठरवून टाकलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. रविवारी गावात जायची परवानगी मिळाली तेव्हा औषधाच्या दुकानातून वेदना मारणाऱ्या गोळ्या आणल्या, मोज्यांच्या गुंडाळीत घातल्या आणि पेटीच्या तळाशी लपवल्या. माझी दुसरी खरी चावीही तिथेच, तळाच्या वर्तमानपत्राखाली होती. पहिली गळ्यात. पळायला जाताना ती छातीवर आपटते म्हणून गोरक्ष ती खाटेच्या पोकळ नळीत टाकायचा आणि वरचं रबरी बूच बसवायचा. ही जागा फक्त दोघांना ठाऊक होती, त्याला आणि मला.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी एक, मग सकाळ-दुपार, मग मूठच. मी ते सगळं पोटात ठेवलं. गुपित राखणं हाच माझा धर्म, त्यात पाप-पुण्य मी कधी पाहिलं नव्हतं.

नितीनला लंगडणं दिसलं. लांबच्या दौडीत शेवटच्या टप्प्यात तो गोरक्षची रायफल स्वतःच्या खांद्यावर घेऊ लागला, असं मी मुलांच्या तोंडून ऐकलं. एका दुपारी त्याने सरळच विचारलं, पाय डॉक्टरला दाखवायला मी बरोबर येऊ का?

गोरक्ष फटकन म्हणाला, ‘‘मी मागं पडलो तर तुझं बरंच की.’’

नितीनचा बुटावरचा हात थांबला. थोड्या वेळाने तो पुन्हा बूट घासू लागला. मी मनात म्हटलं, बरं ठोकलंस पोरा. आज ते आठवलं की कडी कडी शरम वाटते.

मे महिना उजाडला. कसम परेड, म्हणजे शपथ घेऊन खरा सैनिक होण्याचा दिवस, तीन आठवड्यांवर आला. त्याआधी पाच किलोमीटरची शेवटची चाचणी होती. त्या सकाळी गोरक्षने नाश्ता केला नाही, चार गोळ्या एकदम गिळल्या, मला लावलं, तीनदा ओढलं आणि चावी खाटेच्या नळीत टाकली.

ऊन चढलं तेव्हा बराकीत धावती पावलं आली. नितीन पुढे, उस्ताद मागे. नितीनच्या बनियनवर रक्ताचे डाग होते, त्याचे स्वतःचे नव्हते. दोघांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. चौथ्या किलोमीटरला गोरक्ष कोसळला. रक्ताची उलटी झाली. नितीनने आपली चाचणी सोडून त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळाला. गोरक्ष शुद्धीवर नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, याने काय घेतलं आहे, कुठली गोळी, किती दिवस? ते कळलं पाहिजे, आणि आत्ता कळलं पाहिजे.

उस्ताद म्हणाले, ‘‘पेटी खोल.’’

नितीन माझ्यापुढे उकिडवा बसला. त्याचा हात गळ्याकडे गेला, गोफावर थांबला. चावी लागणार नाही हे त्याला माहीत होतं. पण उस्तादांपुढे ती लावून दाखवली असती तर बडीला खोटी चावी देणारा म्हणून गोरक्षचं नाव कायमचं खराब झालं असतं. त्याने गोफ बनियनच्या आत ढकलला.

‘‘उस्ताद, चाबी खो दी मैंने,’’ तो म्हणाला आणि तंबूच्या खुंट्या ठोकायचा हातोडा आणायला पळाला.

तेवढ्या क्षणात मी काय भोगलं ते कसं सांगू? खरी चावी हाताच्या अंतरावर, खाटेच्या नळीत होती. मला तोंड नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण उघडावं. चावी नसली तरी उघडावं. याच्यासाठी उघडावं. पण आम्हाला घट्ट राहायलाच घडवलेलं असतं. पहिला घाव बसला, मी हललो नाही. दुसरा, तिसरा. नितीनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो मलाच विनवत होता, ‘‘तूट ना रे, तूट.’’ पाचव्या घावाला माझी कडी निसटली.

त्याने मोजे उलटे केले, गोळ्यांची पाकिटं मुठीत धरली आणि उस्तादांच्या पुढे पळत सुटला. मी जमिनीवर पडलो होतो. पेटी सताड उघडी होती आणि बराकीत कुणी नव्हतं. कुणीही येऊन काहीही नेलं असतं. कुणी काही नेलं नाही.

गोरक्ष वाचला. पोटातलं रक्त थांबलं, नडगीच्या हाडाला बारीक तडा निघाला. दोन आठवड्यांनी तो कुबडी घेऊन बराकीत आला तेव्हा त्याची पेटी सुतळीने बांधलेली होती. कपडे घडी केलेले, आणि वर मी, तुटलेल्या कडीसकट रुमालात ठेवलेला. तो मागच्या बॅचमध्ये जाणार हे ठरलं होतं. नितीनने चाचणी पुन्हा दिली होती, दुसऱ्या दिवशी त्याची कसम परेड होती आणि मग तो लांबच्या रेजिमेंटला जाणार होता.

नितीनने गळ्यातला गोफ काढला आणि चावी गोरक्षपुढे धरली. ‘‘ही घरच्या कशाची तरी असेल. लागेल तुमच्याकडं.’’

गोरक्षचा चेहरा उतरला. त्याने विचारलं, ‘‘तुला कदीपास्नं म्हाईत हाय?’’

‘‘दुसऱ्या आठवड्यापासनं.’’

‘‘मग बोलला का न्हाईस?’’

‘‘म्हटलं, तुला वाटंल तेव्हा खरी देशील.’’

 गोरक्ष कुबडी टेकून खाटेच्या उशाशी गेला, रबरी बूच काढलं, नळीतून माझी खरी चावी काढली आणि ती नितीनच्या हातावर ठेवली. मी मोडलेला, पेटी सुतळीने बांधलेली. त्या चावीला आता जगात काहीच उघडायचं नव्हतं. तरी नितीनने ती गोफात ओवली आणि गळ्यात घातली. गोरक्ष रडला. मला रडता येत नाही, एवढंच.

परेडच्या दिवशी भागिरथी आणि रंभाजी गोरक्षला भेटायला आले. भागिरथी त्याचा पाय कुरवाळत बसली. रंभाजीने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि डोळे बारीक केले. ‘‘कुनी फोडलं?’’

गोरक्षने माझ्याशेजारी औषधाच्या पेटीची चावी ठेवली आणि सगळं सांगितलं, छगनचंसुद्धा. रंभाजी ऐकत राहिला. त्याला ती चावी ओळखू आली होती. शेवटी तो एवढंच म्हणाला, ‘‘पाच म्हैनं त्या मानसाचं तोंड न्हाई बगितलं म्या.’’

आता मी पुन्हा मोटारीच्या खोलीत आहे, पण दारावर नव्हे, आतल्या खुंटीवर. दाराला नवं कुलूप लागलंय. रंभाजी अजूनही ते तीनदा ओढतो. स्वभावाला औषध नाही. गोरक्षचा पाय बरा झालाय. परवा फोनवर रंभाजी ओरडून बोलत होता म्हणून मला कळलं, की मागच्या बॅचमध्ये त्याला नवा बडी मिळालाय आणि गोरक्षने आपल्या पेटीची चावी त्याला देऊन पेटी आपल्यासमोर उघडून घेतली, चावी लागते याची खात्री करून.

नव्या कुलपाची एक चावी रंभाजीने छगनला दिली. ‘‘मी घरी नसलो आन लाइट आली तर मोटार चालू कर,’’ असं म्हणाला. मी खुंटीवरून ऐकलं आणि माझ्या मनात जुनी पाल चुकचुकली. दिली, पण खरी दिली का? रंभाजीला मी ओळखून आहे. दोन दिवस मी त्याच चिंतेत काढले.

काल दुपारी लाइट आली. रंभाजी कर्जतला गेला होता. बाहेर छगनच्या चपलांचा आवाज झाला. तो दारापाशी थांबला. चावी शिरली. मी श्वास रोखून धरला.

चावी फिरली.

मी आता मोडीत जायच्या वाटेवर आहे, भंगारवाल्याची गाडी आली की माझा निकाल लागेल. त्याआधी एका संशयी कुलपाचं एवढं ऐका. चावी कुणाला द्यायची नसेल तर खुशाल देऊ नका, तोंडावर नाही म्हणा. पण दिलीत, तर लागणारी द्या.

बरं, निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या. छगन लावेल नंतर.